करवीर दफ्तरातील रुमाल

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर (करवीर) संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा कारकुनांच्या कित्येक पिढ्यांनी बोरूने मोडी लिपीत लिहिलेले आणि कापडी रुमालांत बांधलेले त्याचे दफ्तर हा करवीरचा सर्वांत मौल्यवान वारसा मागे राहिला. या कागदांचे खरे सामर्थ्य मजकुराइतकेच मजकुराभोवतीच्या खुणांत आहे, असे माझे मत आहे. कारण मस्तकी शिक्का, अखेरीस मोर्तब (समाप्तीचा शिक्का), कडेला ‘बार’ वा ‘रुजू’ असा नोंदीचा शेरा आणि अरबी संख्याशब्दांत घातलेला शुहूर सन, ज्यात ५९९ किंवा ६०० मिळविल्यावर इसवी सन हाती येतो, एवढ्यांच्या आधारे कागद केव्हा सिद्ध झाला, कोणाच्या अधिकाराने निघाला आणि दफ्तरात नोंदला गेला किंवा नाही, हे निश्चित होते. लांब कागद अनेक बंद (पट्ट्या) एकमेकांना चिकटवून केलेला असेल, तर सांध्याच्या पाठीवर शिक्का उमटवीत, म्हणजे मधला बंद बदलण्याची सोय कोणालाच उरत नसे.

म्हणूनच आज संगणकाला आज्ञावली देऊन अशा कागदांच्या प्रतिमा एकत्र बांधताना रुमालाचा क्रमांक, शेरा आणि शिक्क्याची नोंद प्रत्येक प्रतिमेस जोडलेलीच राहिली पाहिजे. नुसत्या अक्षरांचे चित्र इतिहाससंशोधकास अपुरे पडते.