‘आत काय आहे?’ : जकातीच्या नाक्यापासून पार्सलच्या फॉर्मपर्यंत

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथे इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, एक धावपट्टी बांधली. युद्ध संपले, इंग्रज गेले, धावपट्टी मात्र राहिली. पुढे ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि २००५ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. १ डिसेंबर २०२३ रोजी तेथून हैदराबादमार्गे तिरुपतीला जाणारी विमानसेवा सुरू झाली. असे असले तरी बिरसीतल्या एखाद्या घरातून परदेशी राहणाऱ्या मुलासाठी निघालेला फराळाचा डबा या धावपट्टीवरून सातासमुद्रापार जात नाही, कारण बिरसी हा सीमाशुल्काचा विमानतळ नाही. डबा आधी टपाल कचेरीत जातो, तेथून मजल दरमजल करीत सीमाशुल्क अधिकारी बसतो अशा विदेश टपाल कार्यालयात पोहोचतो, आणि तेथे त्याला देशाची सीमा लागते. व्यवहारात सीमा तेथे असते, जेथे ‘आत काय आहे?’ हे विचारण्याचा अधिकार असलेला माणूस बसलेला असतो.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. आम्ही अर्थशास्त्राचे अभ्यासक नव्हे. भाषा आणि साहित्य शिकवणे हा आमचा व्यवसाय. त्यामुळे या इतिहासाकडे आम्ही शब्दांच्या बाजूने पाहणार आहोत. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : पार्सलचा प्रवास केवळ कराच्या दराने ठरत नाही, आतल्या वस्तूला नाव कोणी द्यायचे आणि कोणत्या भाषेत द्यायचे, यावरही तो ठरतो.

आरंभ ‘जकात’ या शब्दापासूनच करू. अरबीत या शब्दाचा अर्थ आहे धर्माने सांगितलेले दान. आपल्या मिळकतीतला काही वाटा गरजूंना देणे हे इस्लाममधील एक प्रमुख कर्तव्य. हाच शब्द फारसी राज्यव्यवहारातून मराठीत आला तो दान मागे टाकून आणि नाक्यावरचा कर होऊन. स्वेच्छेने द्यायची गोष्ट सक्तीने घेतली जाऊ लागली, तरी शब्द तोच राहिला. फराळाच्या डब्याबाबत काहीसे असेच घडते. प्रेमाने दिलेली वस्तू नाक्यावर पोहोचताच तिचा ‘माल’ होतो.

मराठेशाहीतील जकात-व्यवस्था पाहिली तर या मालाला किती ठिकाणी उत्तर द्यावे लागे, ते ध्यानात येते. जेथे माल भरला तेथे ‘थळभरीत’, जेथे तो उतरवून विकला तेथे ‘थळमोड’, आणि दरम्यानच्या वाटेवर नाक्यानाक्यांची वेगवेगळी मागणी. दर एकसारखे नसत आणि हक्कदारही एक नसत. या गुंतागुंतीतून एक वेगळाच व्यवसाय जन्माला आला : हुंडेकरी. ठरावीक रक्कम एकदाच घेऊन, वाटेतल्या सर्व नाक्यांची तोंडे बंद करीत माल मुक्कामी पोहोचवण्याची हमी तो देत असे. व्यापारी जे प्रत्येक नाक्यावर बोलू शकत नसे, ते हुंडेकरी त्याच्या वतीने बोले. ‘जकाते’ आणि ‘हुंडेकरी’ ही दोन्ही आडनावे आज महाराष्ट्रात आढळतात. विचारणारा आणि त्याच्यापुढे दुसऱ्याच्या वतीने उत्तर देणारा, असे या व्यवहाराचे दोन्ही पक्ष आपल्या आडनावांत शिल्लक आहेत.

इंग्रजी अमलात देशांतर्गत वाहतुकीवरील जकाती १८३० च्या दशकापासून उठत गेल्या. पण मिठावरचा कर राहिला, आणि त्याच्या वसुलीसाठी एक विलक्षण सीमा उभी राहिली. सिंधू नदीपासून निघून, बऱ्हाणपूरवरून पूर्वेकडे वळत, मध्य प्रांत ओलांडून महानदीपर्यंत जाणारी ही अंतर्गत जकात-रेषा १८६९ च्या सुमारास सुमारे २,३०० मैल लांब होती, आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहाऱ्याला होती. काही भागांत तर तिला काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण होते. रॉय मॉक्सहॅम यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या विस्मृत कुंपणाचा शोध घेतला आहे. तेव्हा बिरसी आणि गोंदियाचा परिसर याच मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत होता. स्वतंत्र गोंदिया जिल्हा झाला तो १९९९ साली. मीठ एका बाजूने जाई, साखर दुसऱ्या बाजूने. दोहोंवर कर होता, आणि गाडी थांबली की प्रश्न तोच : आत काय आहे?

१ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा रद्द झाली. सरकार उदार झाले असा याचा अर्थ नव्हे. मिठागरांवर आणि सांभरसारख्या सरोवरांवर ताबा मिळाल्याने कर उगमापाशीच वसूल होऊ लागला आणि कुंपणाची गरज उरली नाही. कुंपण गेले, कर राहिला.

येथे तीन सनावळ्या शेजारी शेजारी ठेवाव्यात असे आम्हांस वाटते. १८७६ साली भारत जागतिक टपाल संघात सामील झाला. १८७८ साली सागरी सीमाशुल्काचा कायदा झाला. १८७९ साली अंतर्गत रेषा उठली. अवघ्या चार वर्षांत देशातली आडवी रेषा पुसली गेली, समुद्रकिनाऱ्यावरची पक्की झाली, आणि त्याच वेळी सामान्य माणसाची चिठ्ठी परदेशी जाण्याची वाट एका आंतरराष्ट्रीय कराराने बांधली गेली. पुढे १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून छत्तीसगढकडे जाणारी रेल्वे गोंदियावरून धावू लागली, आणि या आडवळणी मुलखातले धान, तेंदूपान आणि पुढे विडी हा माल त्या मोठ्या वाटेला जोडला गेला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना १८७८ च्या कायद्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. त्यातील १९ व्या कलमान्वये सरकारला कोणत्याही मालाच्या आयातीवर अधिसूचनेद्वारे बंदी घालता येई, आणि पुस्तक हाही मालच होता. वि. दा. सावरकरांनी लंडनमध्ये लिहिलेल्या १८५७ वरील ग्रंथाचे उदाहरण सर्वपरिचित आहे. मूळ लेखन मराठीत झाले. इंग्रजी भाषांतर १९०९ साली हॉलंडमध्ये छापले गेले. आणि ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच सरकारने त्यावर बंदी घातली. तरीही प्रती भारतात आल्या, त्या भलत्याच नावांची वेष्टने पांघरून. त्यांत डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’चे नाव होते असे सावरकरांच्या चरित्रांत नमूद आहे. विनोदी इंग्रजी कादंबरीच्या वेष्टनात बंडाचा इतिहास! ‘आत काय आहे?’ या प्रश्नाला दिलेले हे खोटे उत्तर मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासातले एक प्रकरण आहे. मूळ मराठी हस्तलिखित मात्र सुमारे चार दशके परदेशातच अडकून पडले होते.

आता पुन्हा फराळाच्या डब्याकडे येऊ. आजच्या परदेशी पार्सलसोबत जो फॉर्म जोडला जातो त्याचे नाव ‘सीएन २३’. लहान पाकिटांसाठी ‘सीएन २२’. ही नावे जागतिक टपाल संघाची, आणि त्या संघाची अधिकृत भाषा फ्रेंच. फॉर्मात वस्तूचे तपशीलवार वर्णन, नग, निव्वळ वजन, किंमत आणि उगमदेश लिहावा लागतो. ‘भेटवस्तू’ असा एक चौकोन असतो. पण त्यावर खूण केली तरी किंमत लिहिण्यातून सुटका नाही. आईने रात्र जागून केलेल्या चकल्यांची किंमत काय लिहायची? येथे भाषा शिकवणाऱ्यांनी थबकावे असा हा रकाना आहे.

त्यापुढचा रकाना संकेतांकाचा. १ जानेवारी १९८८ पासून अमलात आलेल्या ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ या जागतिक वर्गीकरणात प्रत्येक वस्तूला अंक दिला आहे. पहिले सहा अंक साऱ्या जगाचे, पुढचे ज्या त्या देशाचे. भारताच्या सूचीत पापडाला स्वतंत्र ओळख आहे : १९०५ ९० ४०. विडी वळण्याच्या तेंदूपानालाही आहे : १४०४ ९० १०. गोंदियाच्या जंगलातले पान असे जागतिक कोशात दाखल झाले आहे. मिठाई आणि नमकीन मात्र ‘इतर’ या वर्गात, २१०६ ९० ९९ खाली येतात. तेथील टीप सांगते की मिठाई, नमकीन, भुजिया, चबेना हे पदार्थ अन्य कोणत्याही नावाने ओळखले जात असले तरी याच वर्गात मोडतात. म्हणजे शेव, चकली, चिवडा यांची जी नावे आपण जिवापाड जपतो, ती कायद्याच्या दृष्टीने ‘अन्य कोणतेही नाव’ ठरतात.

नाव पुसले गेले तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. अनारशाचे उदाहरण घ्या. तांदूळ भिजवून, कुटून, गुळात मुरवून केलेला हा पदार्थ धानाच्या मुलखाला शोभणारा. त्यावर खसखस लावतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखस ही अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी असलेली वस्तू आहे. फॉर्मवर ‘मिठाई’ लिहून पाठवलेला अनारसा दुबईत वेगळ्याच कायद्याच्या तावडीत सापडू शकतो. ऑस्ट्रेलियात दुधाच्या मिठाया जैवसुरक्षेच्या नियमांनी अडवल्या जातात. तेथे प्रश्न पदार्थाच्या नावाचा नसतो, घटकांचा असतो. घरात ‘अनारसा’ हा एकच शब्द पुरतो; सीमेवर त्याचे तांदूळ, गूळ, तूप आणि खसखस असे विघटन करून सांगावे लागते. पाठवणाऱ्याला ते सांगता आले नाही तर नुकसान त्याचेच होते, आणि ज्याला सांगता येते तो पुन्हा एकदा हुंडेकरी होतो. शहरोशहरी ‘फराळ परदेशी पाठवा’ अशा पाट्या लावणाऱ्या कुरियरवाल्यांचा व्यवसाय वजनाइतकाच या उत्तरांवर चालतो.

हुंडेकऱ्याचे हे पुनरागमन २०२५ साली सर्वांनाच दिसले. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. कर लागणार हे स्पष्ट होते. तो कोणी गोळा करायचा आणि कोणाकडे भरायचा, हे स्पष्ट नव्हते. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडे जाणारे बहुतेक टपाल थांबवले, आणि महिनाअखेर राहिलेलेही. सेवा पूर्ववत झाली ती १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होते २१ ऑक्टोबरला. टपालाने निघालेला डबा दिवाळीपर्यंत पोहोचणे अशक्यच होते. सेवा सुरू झाली तेव्हा पार्सल नोंदवतानाच, इथल्या खिडकीवर, अमेरिकेचा कर आगाऊ घेण्याची पद्धत आली. माल भरतानाच कर देणे म्हणजे आपल्या जुन्या भाषेत थळभरीत. आणि वाटेतल्या नाक्याची जबाबदारी घेणारे टपाल खाते म्हणजे नवा हुंडेकरी. दोनशे वर्षांपूर्वीचे शब्द अशा वेळी अचानक उपयोगी पडतात.

डिसेंबर २०२२ पासून टपाल खात्याने ‘डाक घर निर्यात केंद्रे’ उघडण्यास सुरुवात केली. घोषणापत्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरून लहान गावांतल्या कारागिरालाही आपला माल परदेशी धाडता यावा, हा त्यामागचा हेतू. हेतू स्तुत्य आहे. पण संगणकाच्या पडद्यावरचा प्रश्नही वस्तूचे नाव विचारतो, आणि त्याचे उत्तर मराठीत देण्याची सोय अजून आपण मागितलेली नाही. अनारसे, करंजी, सांडगे, आमसूल यांचे घटक आणि त्यांना लागू होणारे संकेतांक मराठीत सांगणारी एखादी छोटी पुस्तिका महाविद्यालयांच्या मराठी आणि वाणिज्य विभागांनी मिळून केली, तर ती परिभाषेवरील अनेक परिसंवादांहून अधिक उपयोगी ठरेल. परिभाषा म्हटली की आपल्याला राजभाषेचे कोश आठवतात. टपाल कचेरीच्या खिडकीपाशी, डबा हाती घेऊन, फॉर्मातल्या रिकाम्या रेघेवर काय लिहावे या विवंचनेत उभी असलेली बाई आपल्याला सहसा आठवत नाही. मराठीची परीक्षा त्या रेघेवरही होत असते.