करणी : बाजू, क्षेत्र आणि घात



दोनाची करणी आणि आठाची करणी यांची बेरीज किती, असे विचारले असता पुष्कळ मुले ‘दहाची करणी’ असे झटकन सांगून मोकळी होतात. मास्तर तांबडी रेघ ओढतात, नियम घोकावयास लावतात, आणि बीजगणिताचा धसका जन्मभर राहतो. ही चूक बुद्धिमांद्याची नव्हे. करणी मुळात कोण, हेच त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. तिचे ते कूळ आज पाहावयाचे आहे.

हा शब्द यज्ञवेदीवरचा. शुल्बसूत्रे म्हणजे दोरीने वेदी आखण्याचे शास्त्र. एखाद्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्राचा चौरस हवा असेल, तर त्याच्या कर्णावर चौरस रचावा. दुप्पट क्षेत्र ‘करणारी’ ती दोरी म्हणजे द्विकरणी. तेव्हा करणी ही एक लांबी आहे. नाव मात्र तिला तिच्या क्षेत्रावरून मिळाले आहे. बौधायनाने तिचे माप दिले आहे : एक, अधिक एक तृतीयांश, अधिक त्या तृतीयांशाचा चतुर्थांश, उणे त्या चतुर्थांशाचा चौतिसावा भाग. हे होतात ५७७ भागिले ४०८, म्हणजे १.४१४२१५७. खरी किंमत १.४१४२१३६ च्या आसपास. दोरी आणि खुंट्यांच्या काळात पाच दशांशस्थळे बिनचूक साधली, हे काही थोडे नव्हे.

पुढे इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने वर्गमूळ आणि घनमूळ काढण्याची रीत सूत्रबद्ध केली. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये करणींच्या बेरीज-वजाबाकीला नियम घालून दिले, आणि इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी बीजगणितात तो विषय उदाहरणांसह उलगडला. त्यांचे उदाहरण नेमके आपलेच आहे : दोन आणि आठ. रीत अशी. दोहोंची बेरीज दहा, ही ‘महती’. दोहोंचा गुणाकार सोळा, त्याचे मूळ चार, त्याची दुप्पट आठ, ही ‘लघु’. महतीत लघु मिळविली की अठरा, वजा केली की दोन. म्हणून करणींची बेरीज अठराची करणी, आणि अंतर दोनाची करणी.

आता वेदीवर चला. आठ क्षेत्राच्या चौरसाची बाजू दोन क्षेत्राच्या चौरसाच्या बाजूच्या दुप्पट असते. एक आणि दोन मिळून तीन बाजू झाल्या. बाजू तिप्पट झाली की क्षेत्र नऊपट, म्हणून अठरा. मुलाने क्षेत्रे मिळविली. मिळवावयाच्या होत्या बाजू. हे एकदा डोळ्यांसमोर आले की नियम पाठ करण्याचे कारण उरत नाही.

घातांचेही असेच. आपल्या जुन्या बीजगणितात पाचव्या घाताला ‘वर्गघनघात’ म्हणत, आणि सहाव्याला ‘घनवर्ग’. वर्ग आणि घन यांचा गुणाकार केला, तर दोन आणि तीन यांची बेरीज होऊन पाच. घनाचाच वर्ग केला, तर तीन दुणे सहा. मुले ज्या दोन नियमांत सदा गोंधळतात, ते दोन्ही या नावांत उघड आहेत. ब्रह्मगुप्ताने तर ‘पंचगत’, ‘षड्गत’ अशी सरळ मोजणीचीच नावे वापरली.

अक्षराच्या डोक्यावर आकडा लिहिण्याची सुटसुटीत रीत देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथामुळे रूढ झाली. वॉलिस याने १६५६ मध्ये अपूर्णांकी आणि ऋण घातांकांचा विचार केला, आणि न्यूटनने १६७६ च्या पत्रांत ते मोकळेपणाने वापरले. अर्ध्या घाताला अर्ध्या घाताने गुणावे, म्हणजे घातांकांची बेरीज एक होते आणि मूळ संख्या परत मिळते. अर्थात अर्धा घात म्हणजेच वर्गमूळ! मूळ आणि घात ही दोन प्रकरणे नव्हतीच. एकाच वाटेचे ते जाणे-येणे होते.

या विद्येचा एक पुरावा आपल्या खानदेशात आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, इ. स. १२०७ च्या दानाचा शिलालेख तेथे आहे, आणि डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांपुढे आणला. ग्रंथ होते, तरी ते समजावून देणारे हवेत, हे चांगदेवांनी ओळखले होते. आपल्या वर्गातल्या मुलाला आज त्याचीच गरज आहे. दहाची करणी म्हणणाऱ्याच्या वहीवर रेघ ओढण्याआधी त्याच्याकडून दोन चौरस काढून घ्यावेत, एवढीच माझी विनंती.