ताप उतरला, पण माणूस गार पडतोय, बरळतोय? सकाळची वाट पाहू नका, सेप्सिस असू शकतो

शेतात पायात काटा रुततो. काटा काढून, वर हळद भरून काम सुरू राहते. तिसऱ्या दिवशी पाय सुजतो, रात्री थंडी वाजून ताप येतो. गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन आणि गोळ्या मिळतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंग गार लागते आणि घरचे म्हणतात, "ताप उतरला, आता बरं वाटेल." पण माणूस अंथरुणातून उठत नाही. सकाळपासून लघवीला गेलेला नाही. धाप लागलीय. काही विचारलं तर भलतंच बोलतोय. "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावू आणि सकाळी नेऊ तालुक्याला," असं ठरतं. नेमकी तीच एक रात्र जिवावर बेतते.

काट्याच्या जागी कोयत्याची जखम असेल, न्यूमोनिया असेल, लघवीतला जंतुसंसर्ग असेल किंवा नुकतंच झालेलं बाळंतपण असेल. सुरुवात वेगवेगळी असली तरी शेवटचा टप्पा सारखाच असतो. त्यालाच डॉक्टर 'सेप्सिस' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यातील सुमारे १ कोटी १० लाख लोक दगावले. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक. रुग्णांमध्ये दोन कोटींच्या आसपास पाच वर्षांखालील मुले होती. एवढा मोठा आजार असूनही गावागावांत त्याचे नाव माहीत नाही, म्हणून दरवर्षी १३ सप्टेंबरला जागतिक सेप्सिस दिन पाळला जातो.

'जखम सेप्टिक झाली' आणि 'सेप्सिस झाला' यात फरक काय?

जखमेत पू झाला की आपण 'सेप्टिक झालं' म्हणतो. तो संसर्ग त्या जागेपुरता असतो. सेप्सिसमध्ये त्रास त्या जागेपुरता राहत नाही. जंतूंशी लढण्यासाठी शरीर जी यंत्रणा कामाला लावते, तीच ताब्याबाहेर जाते आणि स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागते. बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपते, बीपी खाली येतो. मग अवयवांना पुरेसे रक्त आणि ऑक्सिजन मिळत नाही.

लक्षणे का दिसतात, हे यावरून समजते. मूत्रपिंडाला रक्त कमी पडले की लघवी कमी होते. मेंदूला कमी पडले की माणूस बरळतो किंवा गुंगीत जातो. रक्तात आम्ल वाढले, फुप्फुसांवर ताण आला की श्वास जोरात चालतो. हातापायांकडचे रक्त आटले की ते गार पडतात. म्हणून अंग गार लागणे ही दर वेळी चांगली खूण नसते. ताप उतरल्यावर माणूस हुशारीत आला, जेवला, लघवीला गेला तर तो खरा उतार. अंग गार आणि माणूस मलूल, तर तो धोका.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ज्या जंतूमुळे तो सुरू झाला तो जंतू मात्र काही वेळा पसरू शकतो. तसेच तो फक्त जखमेतूनच होतो असेही नाही. छातीचा, पोटाचा, लघवीचा, त्वचेचा कोणताही संसर्ग सेप्सिसपर्यंत जाऊ शकतो.

मोठ्या माणसात ही लक्षणे पाहा

ताप, जखम, खोकला, जुलाब, लघवीची जळजळ असा कोणताही संसर्ग असताना खालीलपैकी काहीही दिसले तर त्याच वेळी दवाखाना गाठावा:

• बरळणे, माणसे न ओळखणे, खूप गुंगी येणे
• धाप लागणे. मोबाईलवर टायमर लावून पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजा. शांत पडलेल्या मोठ्या माणसाचे श्वास २२ किंवा जास्त भरले तर ती धोक्याची खूण आहे
• दिवसभरात लघवी न होणे किंवा अगदी थोडी, गडद होणे
• हातपाय गार, घामेजलेले. त्वचेवर निळसर-जांभळट जाळी किंवा डाग
• दात वाजतील अशी थंडी, किंवा 'असं कधीच झालं नव्हतं' असं रुग्णाने म्हणावं इतकी वेदना आणि अस्वस्थता
• उभे राहताच चक्कर येणे, नाडी खूप जलद चालणे

त्वचा सावळी असेल तर रंगातला बदल पटकन कळत नाही. अशा वेळी ओठ, जीभ, नखे आणि तळहात पाहावेत. कोरोनाच्या काळात अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. त्यावर आकडा चांगला दिसला म्हणून सेप्सिस नाही असे समजू नये.

म्हाताऱ्या माणसांना अनेकदा ताप येतच नाही. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज एकाएकी बरळू लागली, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नये. तिचे एवढेच एक लक्षण असू शकते.

लहान बाळाची लक्षणे वेगळी

नवजात बाळाला काय होतंय हे सांगता येत नाही आणि त्याची प्रकृती काही तासांत बिघडते. आईने आणि घरातल्या बायांनी हे लक्षात ठेवावे:

• बाळ अंगावर पिईनासे झाले किंवा पिणे एकदम कमी झाले
• रडणे मंद झाले, हातपाय ढिले पडले, उठवले तरी उठत नाही
• अंग गार लागते किंवा तापलेले आहे
• श्वास घेताना छाती आत ओढली जाते, बाळ कण्हते
• नाळेतून पू येतो, आजूबाजूला लाली आहे
• पोट फुगले आहे, उलट्या होतात, झटके येतात

दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील तर तो जलद श्वास समजतात. बाळ शांत असताना, रडत नसताना मोजावे.

गडचिरोलीने काय दाखवले?

सेप्सिसने होणारे मृत्यू मोठ्या शहरातल्या मोठ्या यंत्रांनीच टळतात, असा समज आहे. हा समज खोटा ठरवणारे काम आपल्याच राज्यात झाले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत १९९० च्या दशकात नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. त्या वेळी तिथे बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि आजारी बाळाला दवाखान्यात न्यायची सोय नव्हती. गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्या घरोघरी जाऊन बाळाचे वजन करत, श्वास मोजत, धोक्याची लक्षणे पाहत. सेप्सिसची शंका आली आणि दवाखान्यात नेणे शक्य नसले, तर ठरवून दिलेल्या पद्धतीने अँटिबायोटिक देण्याचे प्रशिक्षणही त्यांना होते.

परिणाम १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. आज आशाताई दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, ती या कार्यक्रमाखालीच. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीचीही भेट असते. ती आली की "बाळ झोपलंय, नंतर या" म्हणून परत पाठवू नये. बाळ आणि बाळंतीण दोघांनाही तपासून घ्यावे.

गडचिरोलीचा धडा साधा आहे. लक्षणे ओळखणारे कोणीतरी घराजवळ असले आणि औषध वेळेवर मिळाले, तर जीव वाचतो. याचा अर्थ घरच्यांनी स्वतः इंजेक्शन द्यावे असा नाही. ते काम शिकलेल्या माणसाचेच आहे. ओळखण्याचे काम मात्र सगळ्यांचे आहे.

उशीर कुठे होतो?

पहिला उशीर घरात होतो. "दारू जास्त झाली असेल", "बाहेरचं काही लागलं असेल", "मुलगा पुण्याहून आला की ठरवू" यात तास निघून जातात. अंगारा लावायचा असेल तर गाडीत बसवूनही लावता येतो, पण त्यासाठी गाडी थांबवू नये. बाईमाणसाचे दुखणे अंगावर काढण्याची सवयही घात करते. बाळंतपण किंवा गर्भपातानंतर ताप, ओटीपोटात दुखणे, अंगावरून दुर्गंधीचे पाणी जाणे ही लक्षणे लाजेखातर लपवू नयेत.

दुसरा उशीर रस्त्यात होतो. रात्री गाडी मिळत नाही. त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. गरोदर बाई, बाळंतीण आणि लहान बाळासाठी १०२ क्रमांकही आहे. फोनवर गावाचे नाव, जवळची खूण आणि लक्षणे स्पष्ट सांगावीत. "ताप आहे" एवढेच सांगू नये. "ताप होता, आता गार पडलाय, बरळतोय, सकाळपासून लघवी नाही" असे सांगावे. गाडी येईपर्यंत गुंगीतल्या माणसाला कुशीवर झोपवावे आणि तोंडात पाणी, चहा काही घालू नये.

तिसरा उशीर दवाखान्यात होतो. तिथे सरळ विचारावे, "डॉक्टर, हा सेप्सिस तर नाही ना?" असे विचारण्यात अपमान कोणाचाच नाही. त्रास कधी सुरू झाला, लघवी शेवटची कधी झाली, कोणती इंजेक्शने-गोळ्या झाल्या आणि शुगर, बीपीचा आजार आहे का हे सांगावे. आधीच्या औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. रेशनकार्ड आणि आधार कार्डही घ्यावे. मोठ्या रुग्णालयात भरती करावे लागले तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारता येते.

उपचार काय असतात?

सेप्सिसची दाट शंका असेल आणि बीपी घसरला असेल तर पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावे, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. त्याआधी शक्य असेल तर जंतू तपासणीसाठी रक्त घेतात. बीपी सावरण्यासाठी मोजून सलाईन देतात, ऑक्सिजन लावतात, लघवीचे माप ठेवतात. पू साचला असेल तर तो काढावा लागतो. आजार वाढलेला असेल तर आयसीयूची गरज पडते. अशक्तपणासाठी घरी लावलेले सलाईन आणि हे उपचार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जंतूवर औषध सुरू झाल्याशिवाय नुसत्या सलाईनने सेप्सिस थांबत नाही.

घरी आल्यावरही काही जणांना अनेक आठवडे थकवा, विसराळूपणा, झोप न लागणे असा त्रास राहतो. याला आळस समजू नये. पुन्हा संसर्ग होण्याची शक्यताही या काळात जास्त असते, म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नयेत.

टाळण्यासाठी काय करावे?

• जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. शेण, माती, राख, तंबाखू भरू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा
• शुगर असलेल्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत, अनवाणी फिरू नये. त्यांच्या पायाची छोटी जखमही मोठी समजावी
• बाळाच्या नाळेला हळद, तेल, राख काही लावू नका. नाळ कोरडी ठेवा. बाळाला घेण्याआधी हात साबणाने धुवा
• बाळंतपण दवाखान्यातच करा
• मुलांचे लसीकरण वेळेवर करा. न्यूमोनियापासून संरक्षण देणारी पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते
• पाकिटावर लाल रेघ असलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेला कोर्स अर्ध्यात सोडू नका. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. अशा वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात
• घरात कोणाला लघवीची नळी लावलेली असेल तर ती हाताळण्याआधी आणि नंतर हात धुवा

कोणाला धोका जास्त?

एक वर्षाखालील मुले, साठीपुढचे लोक, गरोदर बाया व बाळंतिणी, मधुमेह, मूत्रपिंड, लिव्हर किंवा कर्करोगाचे रुग्ण आणि नुकतेच ऑपरेशन झालेले लोक यांना धोका जास्त असतो. पण धडधाकट, कष्टकरी माणसालाही सेप्सिस होतो. "याला कधी साधा ताप येत नाही," या भरवशावर बसू नये.

रात्री अकरा वाजता शंका आली, तर निर्णय रात्री अकरालाच घ्यावा. दवाखान्यात जाऊन "काही नाही, साधा ताप आहे" असं निघालं, तर पेट्रोलचे पैसे गेले इतकंच. सकाळपर्यंत थांबलं, तर गेलेली वेळ परत मिळत नाही.