हृदयातलं छिद्र छाती न उघडता कसं बंद करतात?

‘हृदयाला छिद्र आहे’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर येते ती छातीवरची लांबलचक उभी चीर. पण प्रत्येक छिद्रासाठी ती लागतेच असं नाही.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जन्मतः छिद्र असेल, तर त्याला एएसडी म्हणतात. डावीकडचं शुद्ध रक्त त्यातून उजवीकडे जातं आणि फुप्फुसांवर जास्तीचा भार पडतो. अनेक मुलांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. दम लागणं, धडधडणं काही वेळा थेट तिशी-चाळिशीत सुरू होतं.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनच्या मदतीने १८ वर्षांच्या मुलीचं असंच छिद्र शिवलं, तेव्हा छाती उघडावीच लागली होती. आज यातली बरीच छिद्रं जांघेतल्या शिरेतून बंद होतात.

शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. नळीत निकेल-टायटॅनियमच्या तारांच्या जाळीचं ‘डिव्हाइस’ घडी करून ठेवलेलं असतं. नळीतून बाहेर पडताच त्याची एक चकती पडद्याच्या डाव्या बाजूला उघडते, दुसरी उजव्या. दोघींमध्ये पडदा पकडला जातो, शर्टाच्या प्रेस-बटणासारखा. सोनोग्राफीत जागा नीट दिसली नाही, तर सोडण्याआधी ते परत नळीत ओढून घेता येतं. पुढच्या काही महिन्यांत जाळीवर हृदयाचंच अस्तर चढतं. तोवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून साधारण सहा महिने ॲस्पिरिनसारखं औषध देतात.

मात्र चकतीला धरायला छिद्राभोवती पुरेशी कड हवी. कड नसेल, छिद्र फार मोठं किंवा पडद्याच्या टोकाला असेल, तर शस्त्रक्रियाच करावी लागते. तीही आता काही ठिकाणी उजव्या बाजूच्या फासळ्यांमधून, काही सेंटिमीटरच्या चिरेतून होते. इथे जाहिरातींना भुलू नका: चीर लहान असली तरी हार्ट-लंग मशीन लागतंच. डिव्हाइसही क्वचित जागेवरून सरकतं.

छिद्र मोठं असेल आणि फुप्फुसांतला दाब फार वाढला, तर ते बंद करणंच धोक्याचं ठरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी-शाळांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत तपासतात. तिथे ‘इको करून घ्या’ अशी चिठ्ठी मिळाली, तर मूल हसतं-खेळतं आहे म्हणून ती कपाटात ठेवू नका.