रात्री साडेअकराची मॅच, मंगळवार पेठ

तारीख २२ जून १९८६, वार रविवार. मृग सरलाय, आर्द्रा लागतायत आणि कोल्हापुरात पहाटेपासून पाऊस आहे. तुम्ही मंगळवार पेठेतल्या एका बोळात उभे आहात. वय सतरा, अंगात थोरल्या भावाची जुनी पँट, पायात चप्पल. मोबाइल आणला असेल तर पिशवीच्या तळाशी घाला. अट एकच आहे. आज रात्री काय होणार ते तुम्हाला माहीत आहे. ते कुणालाही सांगायचं नाही.

रविवार आहे म्हणजे मटण आहे, आणि मटण आहे म्हणजे रांग आहे. डबा घेऊन रांगेत थांबा. पुढचे दोघे गप्प आहेत, डोळे तांबारलेले. काल रात्री फुटबॉलच्या विश्वचषकात ब्राझील हरलं. फ्रान्सविरुद्ध एक-एक बरोबरी, जादा वेळ, मग पेनल्टी. संपायला इथले दोन वाजून गेले. घरात आलेल्या पेपरात निकाल नाही, कारण पेपर छापायला गेला तेव्हा मॅच चालूच होती. त्यामुळं आज सकाळचं वर्तमानपत्र म्हणजे ही रांग.

"झिकोनं चालू मॅचमधी पेनल्टी घालवली. तिथंच संपलं."

"आणि सॉक्रेटिसनं काय केलं मग? न पळता किक मारतोय. आपल्या पोरानं असं केलं असतं तर पेठेत ऱ्हाऊ दिलं असतं काय?"

"प्लॅटिनीनं बी घालवली की मर्दा."

"घालवली, पण जिंकला न्हवं!"

खाटकाला यातलं सगळं पाठ आहे. सुरी चालवता चालवता तो विचारतो, "आज कोण? अर्जेंटिना?" तुम्ही मान डोलावता. एवढंच. जास्त बोलू नका.

डबा घरी टाकून तालमीकडं चला. गावात नवखे असाल तर हे नीट बघून घ्या. तालीम म्हणजे कुस्तीची जागा, आत लाल मातीचा हौदा, भिंतीवर मारुती, कोपऱ्यात मुद्गलांची जोडी. पण कोल्हापुरात फुटबॉलचे संघही याच तालमींच्या नावानं मैदानात उतरतात. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. सोबत शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब. जगात इतरत्र क्लब निघाले ते गिरण्यांतून, चर्चमधून, रेल्वेच्या कारखान्यांतून. इथं ते आखाड्यातून निघाले. हौद्याच्या कडेला बूट वाळत घातलेले दिसतील. स्टडमध्ये अडकलेली माती तीच.

म्हणून इथं 'तू कुणाचा सपोर्टर?' असं कुणी विचारत नाही. 'कुठल्या पेठेतला?' एवढं विचारलं की उत्तर मिळालं. मंगळवार पेठेत जन्मलात तर पाळण्यातच तुमचा संघ ठरला, आणि शिवाजी पेठ तुमची विरोधक हेही ठरलं. आई ज्या पेठेतून आली असेल, त्या पेठेच्या मामांशी भाचा वर्षातले ठरावीक दिवस बोलत नाही, एवढंच काय ते घरातलं नुकसान.

आता जूनचा पाऊस सोडून जरा मागं सरका, दोनच महिने. एप्रिल, दुपारचे साडेतीन, शाहू स्टेडियम. पूर्वी इथं रावणेश्वराचं तळं होतं. कोल्हापुरानं आपली अनेक तळी बुजवली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई बसली, आणि रावणेश्वरावर फुटबॉल आला. पाणी गेल्याचं वाईट वाटायला हवं खरं, पण मॅचच्या दिवशी ते कुणालाही वाटत नाही. इथला कारभार बघते ती कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, १९४० सालची, म्हणजे संस्थानाच्या काळातली. सगळे तिला केएसए म्हणतात.

उन्हानं पायऱ्या तापल्यात. बूड टेकण्याआधी खाली पेपर घाला. मैदानावर गवतापेक्षा माती जास्त, त्यामुळं चेंडू जिथं पडतो तिथून धूळ उठते आणि लांब बसलेल्यांना चेंडूच्या आधी धूळच दिसते. भडंगवाला पायऱ्यांवरून उड्या मारत फिरतोय. तुमच्या शेजारी तुमचा दोस्त. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत कामाला, हातावर ठिणग्यांचे डाग. आज त्यानं आजारी असल्याचं कळवलंय. गंमत अशी, की त्याचा मुकादम पलीकडच्या बाजूला बसलाय आणि तोही आजारीच आहे. दोघांनी एकमेकांना पाहिलंय. उद्या दोघंही काही बोलणार नाहीत.

मैदानात उतरलेल्या अकरा जणांपैकी निम्मे तरी तुम्ही रोज बघता. डावा हाफ सकाळी म्हशीचं दूध घालतो. गोलकीपर तुमच्या शाळेत दोन वर्षं पुढं होता आणि गणितात दोनदा बसला. हेच या फुटबॉलचं सुख आणि हाच त्याचा ताप. टीव्हीवरचा खेळाडू चुकला तर आपण चॅनेलला शिव्या देतो. इथला चुकला तर तो संध्याकाळी पानाच्या टपरीवर समोर येऊन उभा राहतो. त्याला तोंडावर सांगावं लागतं, आणि त्याच्या पानाचे पैसेही आपणच द्यावे लागतात.

शिवाजी पेठेनं गोल केला की पलीकडून हलगी कडाडते आणि तुमच्या बाजूला सन्नाटा. बरोबरी झाली की तीच हलगी इकडं. मग कुणीतरी कुणाला तरी पाडतो, शिट्टी उशिरा वाजते, एक बाटली उडते. इथून पुढं माझं कौतुक संपतं. पेठेचा अभिमान वगैरे ठीक आहे, पण दगड हातात घेणारा फुटबॉल बघायला आलेला नसतो. कोल्हापुरात मॅचेस यापायी थांबल्यात आणि पोलिसांच्या काठ्या निरपराध पाठींवर बसल्यात. आपल्याकडं हे 'ईर्षा' म्हणून खपवून घेतात. खपवून घेऊ नये. दोस्त तुमचा हात धरून तुम्हाला मागच्या दारानं बाहेर काढतोय. जा त्याच्याबरोबर.

चला परत जूनमध्ये. रात्रीचे अकरा.

ज्या घरात टीव्ही आहे तिथं बोळातले सगळे जमलेत. लाकडी कपाटाचा, सरकत्या शटरचा ब्लॅक अँड व्हाइट सेट. वर क्रोशाचा रुमाल. टीव्हीवर रामायण सुरू व्हायला अजून सात महिने आहेत, त्यामुळं एवढी गर्दी या खोलीला नवीन आहे. काकू प्रत्येकाला पाय पुसायला लावतायत. कौलांवर एक पोरगा अँटेना धरून पावसात उभा आहे.

"दिसतंय काय?"

"मुंग्याच हाईत! रंकाळ्याकडं फिरव! ... थांब, थांब! आता हालू नगंस!"

मेक्सिको सिटीत आता भर दुपार आहे. अझ्टेका स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणसं. इंग्लंड पांढऱ्या कपड्यांत, अर्जेंटिना गडद. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट आज नाहीच. आधीचा पर्यायी गडद शर्ट उन्हात जड होतो म्हणून त्यांनी सामन्याच्या तोंडावर मेक्सिकोतल्याच दुकानातून हलके शर्ट विकत आणले, हे तुम्हाला माहीत आहे. खोलीत कुणाला नाही. गप्प राहा.

आता दाराकडं बघा. रेनकोट झटकत कोण आत येतोय? शिवाजी पेठेतला तो, ज्यानं एप्रिलमध्ये पलीकडून तुमच्या नावानं घोषणा दिल्या होत्या. त्याच्या घरचे सगळे ब्राझीलवाले, कालपासून सुतकात, टीव्ही लावू देत नाहीत. तो अर्जेंटिनाचा. म्हणून मंगळवार पेठेत आलाय. काकू त्याला ओळखतात, तरी पाय पुसायला लावतातच. आणि तुमचा दोस्त, ज्याच्याबरोबर तुम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलात, तो कालच्या रागानं आज इंग्लंडच्या बाजूनं बसलाय.

मला वाटतं, या टीव्हीनं कोल्हापूरला मॅराडोनापेक्षा मोठी गोष्ट दिली. इथल्या पोरांचा संघ पेठ ठरवत होती, जात-घर-बोळ ठरवत होता. ब्राझील की अर्जेंटिना, हे मात्र ज्यानं त्यानं स्वतः ठरवलं. त्यासाठी बापाशी भांडण झालं तरी चालेल आणि विरोधी पेठेतल्या पोराच्या मांडीला मांडी लावून बसावं लागलं तरी चालेल. पेठा त्यानं मिटल्या नाहीत, मिटाव्यात असं कुणाला वाटतही नव्हतं. पण शिवाजी पेठेतून रात्री मंगळवार पेठेत यायला एक कारण मिळालं.

पहिला हाफ गोलाविना. चहा. साडेबारा उलटून गेलेत. एक्कावन्नावं मिनिट. चेंडू उंच उडतो, इंग्लंडचा गोलकीपर शिल्टन पुढं येतो, बुटका मॅराडोना उडी मारतो. गोल!

"हात! हात लागला!" दोस्त उठून उभा.

"डोकं हुतं!"

"सरळ हात हुता, मर्दा! डोळं फुटल्यात काय?"

ट्युनिशियाचे पंच बेन्नासूर मधल्या वर्तुळाकडं बोट करतात. खोलीत दोन तट. 'देवाचा हात' हे शब्द मॅराडोनानं अजून उच्चारलेले नाहीत. तुमच्या जिभेवर आलेत, गिळा. कोपऱ्यात तालमीचे वस्ताद बसलेत, आतापर्यंत एक शब्द न बोललेले. सगळे त्यांच्याकडं बघतात.

"पाठ टेकली का न्हाई, हे पंच बघतो," ते म्हणतात. "पंचानं बघितलं न्हाई. कुस्ती झाली." मग थोडं थांबून, "पण हात लागला हुता."

वाद मिटायला चार मिनिटं पुरतात. मॅराडोना स्वतःच्या अर्ध्यात चेंडू घेतो, वळतो, पळत सुटतो. एक मागं पडला, दुसरा, तिसरा, चौथा, गोलकीपरही. खोली ओरडायचंच विसरते. पहिला आवाज येतो तो कौलावरून: "काय झालं? आरं, काय झालं सांगा की!" त्याला कुणीच उत्तर देत नाही. दोस्त, इंग्लंडवाला, शिवाजी पेठेवाल्याच्या पाठीत जोरात धपाटा घालतो आणि म्हणतो, "ह्याला म्हणत्यात खेळ. नाद खुळा!"

पुढं इंग्लंडचा लिनेकर एक गोल परत करतो, दोन-एकनं सामना संपतो. पुढच्या रविवारी, २९ जूनला, याच खोलीत अर्जेंटिना पश्चिम जर्मनीला तीन-दोननं हरवेल. त्याही दिवशी साडेअकराच.

तुम्हाला आता परत यायचंय. येताना वाटेत २०१७ साली डोकावा. भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघातून उतरलेल्या अनिकेत जाधवचं गाव हेच, कोल्हापूर. विश्वचषक आला की आजही इथल्या भिंती निळ्या-पांढऱ्या आणि पिवळ्या-हिरव्या होतात, बोळात खेळाडूंचे उंच कटआउट लागतात.

पण ते चार वर्षांतून एकदा. खरं कोल्हापूर बघायचं असेल तर थंडीत हंगाम सुरू झाल्यापासून पाऊस येईपर्यंत कधीही शाहू स्टेडियमवर जा. दोन पेठांची मॅच असेल तर वेळेआधी तासभर पोचा, खाली घालायला पेपर घ्या, आणि बसण्याआधी ती बाजू कुठल्या पेठेची आहे ते शेजाऱ्याला विचारून घ्या.