निकाल लागला की सीमाभाग शांत होईल?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा विषय निघाला की कोल्हापुरात बहुतेकांचे बोलणे एकाच ठिकाणी येऊन थांबते : सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागू दे, बेळगाव महाराष्ट्रात येऊ दे, मग सगळे आपोआप शांत होईल.

या म्हणण्यामागे खरी वेदना आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा मुलूख म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला, तो तिथल्या मराठी माणसाला न विचारता. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही सीमा ठरवण्याची महाराष्ट्राची कसोटी मला न्याय्य वाटते. आंध्र-मद्रास सीमेचा तंटा मध्यस्थ पाटसकरांनी खेडे हाच घटक धरून सोडवला होता. त्यामुळे महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा सोडून द्यावा, असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप आहे तो ‘आपोआप’ या शब्दाला.

पहिली गोष्ट, रेषा कुठूनही ओढली तरी दोन्ही बाजूंना परभाषक उरणारच. या सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले. पण निपाणी-खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, असेही सुचवले. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला आणि ते योग्यच झाले. तरी ही देवाणघेवाण सुचवावी लागली यावरून इथली वस्ती किती मिसळलेली आहे ते कळते. आजही जत, अक्कलकोट, गडहिंग्लज या तालुक्यांत घरात कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत.

दुसरी गोष्ट, सीमाभागात आग भडकते ती दरवेळी नकाशावरून नव्हे. १९८६ साली लोक रस्त्यावर उतरले ते कन्नडसक्तीविरुद्ध, आणि पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे गेली. मुलाची शाळा, सातबाऱ्याचा उतारा, बसवरची पाटी, कचेरीतला अर्ज या रोजच्या गोष्टींत आपली भाषा नाकारली गेली की जखम पुन्हा उघडी पडते.

उलट उदाहरण इटलीतल्या दक्षिण टायरॉलचे. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मनभाषक प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीने जर्मन शाळा बंद केल्या, पुढे १९६१ साली तिथे बॉम्बस्फोटांची मालिका झाली. १९७२ च्या स्वायत्तता कायद्याने स्वतःच्या भाषेतल्या शाळांना भक्कम आधार मिळाला, दोन्ही भाषांत कारभार आणि लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या आल्या. १९९२ साली ऑस्ट्रियाने हा वाद मिटल्याचे जाहीर केले. सीमा मात्र तसूभरही हलली नव्हती.

यावर आपल्याकडचा ठरलेला प्रतिवाद असा : कर्नाटकाकडे भाषिक हक्क मागितले की त्याचा ताबा मान्य केल्यासारखे होते आणि दावा कमकुवत होतो. हे खरे नाही. राज्यघटनेचे ३५० (क) कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीबद्दल आहे. ते भाषिक अल्पसंख्य गटांतल्या मुलांसाठी आहे, मग त्यांचा तालुका कोणत्या राज्यात आहे याला महत्त्व नाही. आणि सीमा बदलण्याचा संसदेचा अधिकार तिसऱ्या कलमात आहे. मराठी शाळेत मूल घातल्याने तो नाहीसा होत नाही. उलट शाळा बंद पडत गेल्या तर निकाल आपल्या बाजूने लागेल त्या दिवशी मराठी वाचणारी पिढीच तिथे उरणार नाही.

मग करायचे काय? सुरुवात आपल्याच बाजूने करावी. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड शाळांना शिक्षक व पुस्तके वेळेवर द्यावीत, तिथल्या कचेऱ्यांत कन्नड अर्ज घ्यावेत. तेवढे केले की बेळगावच्या मराठी माणसासाठी तेच मागताना आपला आवाज खणखणीत राहील. दुसरे काम बससेवेचे. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादावरून वातावरण तापले तेव्हा दोन्हीकडच्या एसटी थांबल्या. त्या दिवसांत अडकून पडला तो निपाणीहून कोल्हापूरच्या दवाखान्यात येणारा रुग्ण, बाजाराला निघालेला शेतकरी, सौंदत्तीच्या यल्लम्माला निघालेला भाविक. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडे आपली सोयरीक आहे, दूधगंगा-वेदगंगेचे पाणी आहे. बस बंद न पडू देण्याचा करार दोन्ही सरकारांनी आजच करावा, त्यासाठी न्यायालयाची वाट पाहण्याची गरज नाही.