साठ कबर, विजापूर

आदिलशाही सरदार अफझलखान याच्या जनान्यातील स्त्रियांचे म्हणून ओळखले जाणारे, विजापूर (विजयपुरा) शहराबाहेरील दफनस्थान. स्थान कर्नाटकात असले तरी त्याची कथा उमरगा-तुळजापूरकडच्या माणसाला परकी नाही. सोलापूर-हैदराबाद मार्गावर उमरग्याच्या पश्चिमेला असलेल्या नळदुर्गातील पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळचा आहे, आणि शिवाजी महाराजांविरुद्धच्या १६५९ च्या मोहिमेतील खानाची तुळजापूरवरची चाल या भागाच्या स्मरणात कायम आहे. दंतकथा अशी: या मोहिमेवर निघण्यापूर्वी ज्योतिष्यांनी खानाला, तू परत येणार नाहीस, असे सांगितले, आपल्यामागे बायका दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून त्याने त्या सर्वांना विहिरीत ढकलून मारले. या कथेमुळेच जागेला भुताटकीची ख्याती मिळाली.

कथेचा खरा आधार कबरींची रचना हा आहे, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करायला हवी. विजापूरच्या वास्तूंचा सविस्तर अभ्यास करणाऱ्या हेन्री कझिन्सने १९१६ च्या ग्रंथात मोठ्या चौथऱ्यावरच्या ६३ कबरी आणि एक उघडी कबर नोंदवली आहे. कबरी एका मापाच्या, समान अंतरावर, ओळीने मांडलेल्या आहेत; माथे सपाट आहेत, आणि दख्खनमध्ये सपाट माथा ही स्त्रीच्या कबरीची खूण मानली जाते. एवढ्यावरून दोन गोष्टी निघतात: दफनस्थान स्त्रियांचे आहे, आणि ते एका आराखड्यानुसार बांधलेले आहे. मात्र बांधकाम एका वेळचे असले म्हणून मृत्यूही एका वेळचे ठरत नाहीत. श्रीमंत सरदार आपली आणि कुटुंबाची दफनभूमी हयातीतच उभारत असत. खुद्द खानाने आपला मकबरा जिवंतपणी बांधायला घेतला होता. शेजारच्या त्याच्या मशिदीवर १६५३ चा लेख आहे. मोठ्या जनान्यासाठी आधीच एकसारख्या कबरी आखून ठेवणे त्याच रीतीत बसते, मग दफने पुढे अनेक वर्षे होत राहिली असतील.

यावर आक्षेप असा की लोकस्मृती हवेतून जन्मत नाही, आणि उघडी कबर पळून गेलेल्या एका स्त्रीच्या उपकथेशी जुळते. पण रिकामी कबर दिसल्यावर तिच्यासाठी उपकथा रचली गेली असणेही तितकेच शक्य आहे. कथा अवशेषांशी इतकी चपखल बसते ती बहुधा त्यांच्याकडे पाहूनच घडल्यामुळे. कथेची कझिन्सने घेतलेली नोंद घटनेनंतर अडीच शतकांची आहे. उलट, घटनेला जवळ असलेली सभासद बखर, जी १६९० च्या दशकात जिंजी येथे लिहिली गेली, खानाची तुळजापूर-पंढरपूरची चाल आणि प्रतापगडची भेट सांगते. जनान्याच्या कत्तलीबद्दल तीत काही नाही. मौनावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे, हे मान्य. विजापूरच्या अंतःपुरातली बातमी मराठी लेखकापर्यंत पोचलीच नसेल. तरी खानाला दुष्ट ठरवण्यासाठी उपयोगी पडणारा इतका भयंकर प्रसंग त्याच्या शत्रुपक्षाच्या लेखकाने हातचा सोडला असता, हे पटत नाही.

म्हणून सामूहिक हत्या सिद्ध झालेली नाही असेच म्हणावे लागते, आणि ती घडलीच नाही असेही खात्रीने म्हणता येत नाही. मात्र भुताच्या गोष्टीने एक अन्याय नक्कीच केला आहे. हिंदू-मुस्लिम वैराच्या आजच्या सांगण्यात ही जागा खानाच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून वापरली जाते, आणि तिथे पुरलेल्या स्त्रिया कोण होत्या, कुठून आल्या, हा प्रश्न मागे पडतो. त्यांच्या कबरींचे आलेखन, बांधणीचा अभ्यास आणि आदिलशाही कागदपत्रांतला शोध यांतूनच तो सुटू शकेल. खान १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला आणि तिथेच पुरला गेला. विजापूरचा मकबरा त्याच्या देहाविना राहिला.